सर्वपित्रीचे एक पान

आमच्या घरी सर्वपित्रीला एक पान अधिक वाढीत. लहानपणी मी आजीला विचारले, "हे कुणाचं गं?"

"मॉरिशसला गेले त्यांचं. तिथी ठाऊक नाही ना, बाळा!"

माझ्या खापरपणजोबांचे हे थोरले बंधू. शेताच्या बांधावरून भांडण झाले. धाकट्याने रागाने दगड मारला. भुवई फुटली. थोरले त्याच रात्री घराबाहेर पडले, ते मुंबईहून उसाच्या मळ्यांवर. सत्तावनच्या बंडानंतरची ती वर्षे. दगड मारणारे खापरपणजोबा पुढे जन्मभर त्यांची वाट पाहत होते म्हणे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुईला आणले आणि ही कराराची मजुरी सुरू झाली. पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे तेथे गेली. बरीचशी बिहारकडची, पण आपली कोकणातलीही.

मागल्या वर्षी मलाही तेथे जाण्याचा योग आला. बंदरावरच्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढताना पाय जड झाले. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची दप्तरे आहेत. क्रमांक, बापाचे नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण, जहाज—सारे टिपलेले. पण नावे कारकुनाच्या कानाला आली तशी! दोन दिवस काही लागेना. तेथल्या बाई म्हणाल्या, "नाव सोडा, गाव धरा." तिसऱ्या दिवशी गाव सापडले. अक्षरे मोडकी, पण आमचेच. बापाचे नावही जुळले. पुढे खूण होती: डाव्या भुवईवर व्रण.

१८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुराला छायाचित्राचे तिकीट जवळ बाळगावे लागे. नसले तर भटक्या म्हणून धरीत. माणसावर पहारा ठेवण्यासाठी काढलेली ती तसबीर! पण तिच्यामुळेच आमच्या घराला त्यांचा चेहरा दिसला. नाक थेट वडिलांचे. शेऱ्यात मृत्यूची तारीखही होती. जुन्या पंचांगावरून तिथी काढली: पंचमी.

यंदा पितृपक्षात पंचमीला पान वाढले. ऐंशी वर्षांच्या वडिलांनी शेजारी आणखी एक पान मांडायला लावले. मी पाहतच राहिलो.

"धाकट्याचं आहे," ते म्हणाले. "एकदा तरी दोघे भाऊ शेजारी जेवू देत."