पाटी एक, पत निराळी

भिलाईलगतच्या कुरुदमधील एखादे मराठी कुटुंब मुलाच्या वाढदिवसाला रायपूरच्या एखाद्या परदेशी उपाहारगृहात जाते, तेव्हा तो घरातला छोटा सोहळाच असतो. त्याच घरातील थोरला मुलगा अमेरिकेत शिकत असेल, तर तो त्याच नावाच्या दुकानात पैसे वाचविण्यासाठी जातो. पाटी एकच, मग प्रतिष्ठेत इतके अंतर का?

मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे वाढपी काढून टाकले, मोजकेच पदार्थ ठेवले आणि हॅम्बर्गर १५ सेंटला विकण्यास प्रारंभ केला. स्वस्ताई हाच त्या व्यवसायाचा पाया होता. हीच साखळी १९९६ मध्ये दिल्ली व मुंबईत आली, तेव्हा कोपऱ्यावरचा समोसा आणि वडापाव तिच्याहून कितीतरी स्वस्त होते. त्यामुळे येथे तिने विकली ती स्वच्छता, वातानुकूलित जागा आणि नावीन्य.

दर्जाही देशागणिक बदलतो. भारतात गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य ठरले, शाकाहारी पदार्थांची तयारी स्वतंत्र ठेवावी लागली आणि आलू टिक्की बर्गरमध्ये आली. चीज बारामतीहून, तर सॅलडची पाने तळेगावहून येऊ लागली. ज्या देशाला असा स्थानिक पुरवठा उभारता आला नाही, त्याची अडचण झाली. आइसलँडमध्ये बहुतांश सामग्री जर्मनीहून येत असे. २००८ च्या बँक संकटात तेथील क्रोना कोसळला, आयात महागली आणि २००९ मध्ये ही साखळी तेथून निघून गेली.

लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ मध्ये बिग मॅकच्या किमतींवरून चलनांची क्रयशक्ती ताडण्याची पद्धत सुरू केली. भारतासाठी त्यात कोंबडीच्या मांसाचा महाराजा मॅक धरण्यात आला. डॉलरमध्ये मोजल्यास आपल्याकडील बर्गर अमेरिकेपेक्षा स्वस्त दिसतो. परंतु तो विकत घेण्यासाठी येथील सामान्य कामगाराला कितीतरी अधिक वेळ राबावे लागते. पदार्थाची पत ठरते ती या दुसऱ्या हिशेबाने.

हा न्याय उलट दिशेनेही लागू पडतो. दादर स्थानकाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी सुरू केल्याचे मानले जाणारे वडापाव हे कष्टकऱ्यांचे खाणे. मुंबईच्या सुजय सोहनी व सुबोध जोशी या मित्रांनी २०१० मध्ये लंडनच्या हाउन्स्लो भागात तोच विकावयास घेतला आणि पुढे त्याची साखळी उभी केली. तेथील मराठी माणसाला त्यात केवळ स्वस्त न्याहारी नव्हे, तर गावाची आठवण मिळते.

म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलाचा पगार केवळ विनिमय दराने गुणून हरखून जाऊ नये. तेथील घरभाडे व जेवणखाण वजा जाता हाती काय उरते, हे आधी पाहावे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्यानुसार ठरवावा.