पट्टी खरी की दिवा?

इंजिनाचे आयुष्य त्यातील तेलावर अवलंबून असते. तेल पाहण्याची जुनी पट्टी, म्हणजेच डिपस्टिक, साधी असते. तिला वीज लागत नाही, तार लागत नाही. अलीकडच्या काही मोटारगाड्यांत मात्र पट्टी काढून इलेक्ट्रॉनिक संवेदक बसविलेला असतो. आळशी चालकास तो वेळीच सावध करतो, हा त्याचा गुण होय. परंतु तार तुटली वा जोडणी गंजली की त्याचा आकडा चुकू शकतो.

ट्रॅक्टरवरील तेलाचा लाल दिवा तर पातळी दाखवीतच नाही. तो तेलाचा दाब घटल्याचे सांगतो. तो लागेपर्यंत बेअरिंगची झीज सुरू झालेली असू शकते; म्हणून तो लागताच इंजिन बंद करावे. तेलात पाणी शिरल्यास ते दुधाळ दिसते. डिझेल मिसळल्यास पातळ होते, पातळी वाढते व वास येतो. ही लक्षणे पट्टीवर दिसतात, दिव्यावर नव्हे.

यास्तव शेतकरी बंधूंनी रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि तेल दोन खुणांच्या दरम्यान असल्याची खात्री करावी. ऐन पेरणीत इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीसाठी वाफसा थांबत नाही.