साठ हजारांचं प्रॅक्टिकल

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण गेमिंगचा कॉम्प्युटर मात्र मी स्वतःच्या हातांनी जोडलाय, आणि तो चालतो! त्याचीच ही गोष्ट.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आईला भिशी लागली. ६० हजार रुपये. तिला फ्रिज घ्यायचा होता. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "फ्रिज अजून वर्षभर ओढेल." बाबांचा प्रश्न एकच, "सुटे भाग आणायचे आणि जोडताना उडाले तर?" खरं सांगू? उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

पहिला धडा म्हणजे सुरुवात मॉनिटरपासून करायची. आमच्याकडे जुना फुल एचडी मॉनिटर होता, ६० हर्ट्झचा. म्हणजे तो सेकंदाला ६० चित्रं दाखवणार. ग्राफिक कार्डने २०० काढली तरी हा ६० च दाखवणार. मग सर्वात महाग कार्ड हवंय कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते हेच.

दुसरा धडा बैलजोडीचा. गेममध्ये कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली हा हिशेब प्रोसेसर करतो, आणि त्याचं चित्र ग्राफिक कार्ड रंगवतं. एक बैल दमदार आणि दुसरा मरतुकडा असेल तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने जाणार. यालाच बॉटलनेक म्हणतात. मी एएमडीचा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० आणि ८ जीबीचं आरएक्स ६६०० कार्ड निवडलं. कार्ड २०२१ चं, प्रोसेसर २०२२ चा, म्हणजे दोन्ही तेव्हाच शिळे! पण जुन्या एएम४ सॉकेटमुळे मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम स्वस्तात पडली. तोटा एवढाच की पुढे मोठं अपग्रेड करायचं तर बोर्डही बदलावा लागेल. रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. एका लेनऐवजी दोन लेनचा रस्ता!

आता खरी परीक्षा. लॅमिंग्टन रोडवर एक दुकानदार (माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून) म्हणाला, "साहेब, कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस फ्री देतो." बाबा खूश. चार हजार वाचत होते ना! मी खोका उलटा करून लेबल वाचलं. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात, आणि त्या लाइनपुढे लिहिलं होतं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. शाळेतलं फिजिक्स! प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ घेतो, कार्ड १३२. झाले २०८. म्हणजे पंखे, डिस्क धरायच्या आधीच गणित फसलं होतं. फुकटातला एसएमपीएस जळताना सोबत कार्डही घेऊन गेला असता तर? मी आकडे बिलाच्या मागे मांडून दाखवले. बाबा क्षणभर गप्प. मग दुकानदाराला म्हणाले, "ती सांगते तोच द्या." साडेपाचशे वॅटचा, चांगल्या कंपनीचा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझी इंजिनिअरिंग कोणाला तरी पटली!

जोडणी डायनिंग टेबलवर. अंगातली स्टॅटिक जावी म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा. कूलरचे चार स्क्रू वर्कशॉपमध्ये शिकवतात तसे, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, म्हणजे दाब सारखा बसतो. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले... आणि स्क्रीन काळी ठिक्कर. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तासभर सगळं काढून परत बसवलं. शेवटी कळलं, मी मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली होती! या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे तो पोर्ट मुका. केबल खाली कार्डात घातली आणि उजेड पडला. आई म्हणाली, "वायर चुकली, एवढंच ना?" हो आई, एवढंच!

एक टीप. ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत बहुतेकदा कमी वेगानेच चालते. पैसे भरलेत, तर वेग मागून घ्या!

एकूण बिल झालं ५८ हजारांच्या आसपास. पण माझ्या आकड्यांवर जाऊ नका. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, तेव्हा आधी बाजारात फिरा. हिशेब करण्याची पद्धत मात्र तीच राहील.

बाबा आता त्याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. जुना फ्रिज अजून स्वयंपाकघरात घुरघुरतोय. तो आवाज ऐकला की मला आठवतं, पहिला पगार कशावर खर्च करायचा ते!