ऑनलाइन विक्रींतील तंटे आणि आंबा बागायतदार

आपला माल मधल्या हातांतून न जातां थेट खाणाराच्या घरीं पोंचावा, ही शेतकऱ्याची इच्छा जुनी आहे. मोबाईल व कुरिअर यांच्या सोयीनें ती आज पुष्कळ अंशीं साध्य झाली आहे. ऑनलाइन बाजारपेठेंत दुकान मांडण्यास गाळा लागत नाहीं, पागडी लागत नाहीं. रत्नागिरीच्या बागेंतील हापूस नागपूरच्या गिऱ्हाइकास घरबसल्या मिळतो. या सोयीचे गुण पुष्कळांनीं वर्णिले आहेत. प्रस्तुत लेखांत तिच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पैशांच्या तंट्यांचा व विक्रेत्याचें खातें अकस्मात् बंद पडण्याचा, विचार करावयाचा आहे. हा विचार केवळ पुस्तकी नाहीं. गेल्या हंगामांत तो प्रसंग आमच्यावरच आला होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं अशा एका बाजारपेठेमार्फत दोन दोन डझनांच्या ६० पेट्या रवाना केल्या. आंबा चौदा आणे तयार झालेला, झेल्यानें देंठासह उतरविलेला व पेंढ्यांत नीट बसविलेला होता. तथापि नऊ गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. दोघांच्या फळांत साका निघाला. त्यांचें म्हणणें खरें होतें. चौघांच्या पेट्या वाटेंत पांच दिवस उन्हांत पडून राहिल्या होत्या. एकास आंबे हिरवे आले असें वाटलें. वास्तविक चार दिवस घरीं ठेवून मग कापावे, अशी चिठ्ठी पेटींत होती. उरलेल्या दोघांनीं पेटी मिळालीच नाहीं असें कळविलें. वाहतूक करणाराच्या नोंदींत मात्र ती पोंचल्याची खूण होती.

या नऊ तक्रारींची चार निरनिराळीं कारणें होतीं. परंतु बाजारपेठेच्या यंत्रानें तीं सर्व एकाच मापानें मोजलीं. नवांनाही पैसे परत गेले व ते आमच्या येण्यांतून वजा झाले. तक्रारींचें प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलें म्हणून तिसऱ्या दिवशीं खातें स्थगित झालें. निरोप दोन ओळींचा होता : नियमांचा भंग झाला आहे. कोणत्या नियमाचा, कोणत्या पेटीच्या बाबतींत, हें त्यांत नव्हतें. राहिलेल्या ५१ पेट्यांचे पैसेही अडकून पडले. इकडे १२० डझन आंबा आढींत घातलेला होता. कापड किंवा भांडीं विकणाराचें दुकान महिनाभर बंद राहिलें तर त्याचा माल तरी जागेवर राहतो. आढींतला आंबा कोणाची वाट पाहत नाहीं. अखेर वाशीच्या व्यापाऱ्यानें जो भाव दिला तो घेऊन आम्ही मोकळे झालों. एकोणिसाव्या दिवशीं खातें पुनः उघडलें. कां बंद झालें व कां उघडलें, हें आजतागायत कळलेलें नाहीं.

या प्रकरणीं आमचाही दोष होता, तो प्रथम सांगितला पाहिजे. पेटी बंद करतांना आम्हीं तिचें चित्र घेतलें नव्हतें. वजनाची नोंद नव्हती. बागेचा सात-बारा वडिलांच्या नांवें, बँकेचें खातें मुलाच्या नांवें व दुकान तिसऱ्याच नांवानें होतें. त्यामुळें आपण खरे कोण, हें सिद्ध करण्यांतच आठ दिवस गेले. आपली बाजू सत्य असणें निराळें व ती कागदावर दाखवितां येणें निराळें, हा धडा आम्हांस बराच महाग पडला.

आतां या तंट्यांचें स्वरूप पाहूं. त्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला, वर सांगितलेला, गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बाजारपेठेनें परस्पर दिलेला परतावा. दुसरा प्रकार कार्डानें दिलेल्या पैशांचा. गिऱ्हाइकानें आपल्या बँकेस ‘हा व्यवहार मला मान्य नाहीं’ असें कळविलें, कीं बँक ती रक्कम उलट फिरवूं शकते. त्यास चार्जबॅक म्हणतात. ही पद्धति मुळांत ग्राहकाच्या रक्षणासाठीं निघाली; अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यानें कार्डधारकास बिलासंबंधीं हरकत घेण्याचा हक्क मिळाला. अशा हरकतीस विक्रेत्यानें ठराविक मुदतींत पुराव्यासह उत्तर न दिल्यास तो हरला असें समजलें जातें.

तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे व तो यूपीआयनें थेट पैसे घेणारांनाही लागूं पडतो. एखाद्या भामट्यानें कोणास फसवून मिळविलेल्या पैशांतून आपल्याकडून दोन पेट्या आंबा घेतला, आणि फसलेल्या माणसानें १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तर त्या पैशांचा माग घेत पोलिसांचा आदेश आपल्या बँकेपर्यंत येतो. तंटा दोन पेट्यांपुरता असूनही कधीं कधीं संबंध खातेंच गोठविलें जातें, आणि मग मजुरी, खत व औषध या सर्वांचे पैसे एकदम अडतात. याबाबत २०२३ सालीं केरळ उच्च न्यायालयानें, पोलिसांच्या मागणींत नमूद असलेल्या रकमेपुरतीच अडवणूक ठेवावी, असा आदेश एका प्रकरणांत दिला. ही गोष्ट बँकेस लेखी अर्ज करतांना अवश्य निदर्शनास आणावी.

हे तंटे नवे दिसले तरी त्यांच्या मुळाशीं असलेली अडचण नवी नाहीं. अडत्याच्या दुकानांत तोलणारा, भाव ठरविणारा, कट्टी कापणारा व पैसे देणारा एकाच बाजूचा असे. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरे व शेतकऱ्याच्या हातीं केवळ पट्टी येई. त्यावर उपाय म्हणून १८९७ सालीं वऱ्हाडांत कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. १९२७ सालीं मुंबई इलाख्यांत कापूस बाजारांचा व १९३९ सालीं सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. पुढें १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आला. या सर्वांचा गाभा एकच, कीं ज्याच्या हातीं तराजू आहे त्याच्याच हातीं न्याय असूं नये. ऑनलाइन बाजारपेठेंत तराजू, तिजोरी व न्यायासन हीं तिन्ही पुनः एका घरांत आलीं आहेत.

कायद्याची आजची स्थिति काय आहे? २०२० सालीं केंद्र सरकारनें ई-कॉमर्सविषयीं ग्राहक संरक्षण नियम केले. त्यांप्रमाणें ग्राहकाच्या तक्रारीची पोंच ४८ तासांत देणें व ती एका महिन्यांत निकालांत काढणें तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. माल सदोष असल्यास अथवा वर्णनाप्रमाणें नसल्यास तो परत घेण्याचें विक्रेत्यास नाकारतां येत नाहीं. साक्याचें फळ गेलें तर पैसे परत देणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु हे नियम मुख्यतः ग्राहकासाठीं आहेत. व्यापारी हेतूनें सेवा घेणारा विक्रेता सामान्यतः ‘ग्राहक’ ठरत नाहीं. त्याचा आधार बाजारपेठेशीं झालेला करार, आणि त्या करारांत लवादाचें कलम कोणत्या शहराचें आहे, हें फारच थोडे वाचतात. युरोपांत १२ जुलै २०२० पासून लागूं झालेल्या नियमानें बाजारपेठेवर असें बंधन घातलें, कीं विक्रेत्याचें खातें स्थगित करतांना कारणें लेखी द्यावीं, कायमचें बंद करावयाचें असल्यास सामान्यतः ३० दिवस आधीं कळवावें, आणि विक्रेत्याची तक्रार ऐकण्याची व्यवस्था ठेवावी. आपल्या विक्रेत्यास अशा स्पष्ट हक्काची तितकीच गरज आहे.

तोंपर्यंत बागायतदार बंधूंनीं पुढील खबरदारी घ्यावी, असें अनुभवावरून सुचवावेंसें वाटतें.

१. सात-बारा, बँक खातें, अन्न परवाना व दुकान यांवरील नांवांचा मेळ हंगामापूर्वीं घालावा. नांवें भिन्न असणें अपरिहार्य असेल तर संमतिपत्र करून ठेवावें.

२. प्रत्येक पेटी भरतांना आंतील फळें, वजनकांटा व पत्त्याची चिठ्ठी एकत्र दिसतील असें चित्र घ्यावें. वाहतुकीची पावती व पोंच तारीखवार जपून ठेवावी.

३. साका बाहेरून दिसत नाहीं, हें वर्णनांतच स्पष्ट लिहावें व अशा फळाची भरपाई कशी देणार तेंही लिहावें. उतरविलेला आंबा तापलेल्या जमिनीवर ठेवूं नये, सावलींत ठेवावा. तंटा टाळण्याचा खरा उपाय बागेंतच आहे.

४. खरी तक्रार आल्यास त्याच दिवशीं पैसे परत द्यावे. खोटीस त्याच दिवशीं पुराव्यासह उत्तर द्यावें. मौन हें कबुलीसारखें धरलें जातें.

५. पैसे आल्याचें गिऱ्हाइकानें पाठविलेलें चित्र प्रमाण मानूं नये. आपल्या खात्यांत रक्कम जमा झालेली पाहूनच पेटी पाठवावी. पैसे स्वीकारण्यास पिन कधींही लागत नाहीं; तो मागणारा भामटा समजावा.

६. विक्रीचें खातें व घरखर्चाचें खातें वेगळें ठेवावें. सबंध बाग एकाच बाजारपेठेच्या भरंवशावर ठेवूं नये. कांहीं भाग नेहमींच्या गिऱ्हाइकांस, कांहीं मंडईस व कांहीं ऑनलाइन अशी वांटणी करावी.

७. गिऱ्हाइकांची यादी त्यांच्या संमतीनें आपल्या वहींत असावी. दुकान बंद झालें तरी वही बंद होत नाहीं.

एकट्या बागायतदाराचा अर्ज दोन ओळींच्या उत्तरानें परत येतो. शंभर बागायतदारांचा अर्ज तसा परत करणें कठीण असतें. म्हणून ज्यांचीं खातीं अशा रीतीनें बंद पडलीं असतील त्यांनीं तारीख, अडकलेली रक्कम व आलेला निरोप यांची हकीकत आपल्या संघाकडे लिहून पाठवावी. नाशवंत मालाच्या विक्रेत्यास कारण लेखी मिळावें, आणि त्याचें म्हणणें महिन्याऐवजीं दोन-तीन दिवसांत ऐकलें जावें, एवढीच मागणी पुढें मांडावयाची आहे. कापूस बाजाराचा कायदाही अशाच साध्या हकीकतींच्या बळावर उभा राहिला असला पाहिजे. पुढील मोहोर येण्यापूर्वीं हें काम हातीं घेतलें तर त्याचा उपयोग होईल. आंबा आढींत पडल्यावर फार उशीर झालेला असतो.