गोदामातील गांधीलमाश्या : रॉकेलचा इलाज महागात पडतो

कपड्याच्या धंद्यात उंदीर, वाळवी आणि कसर यांची भीती सर्वांनाच असते. डांबरगोळ्या आणि औषधे यांचा खर्च आपण दरसाल धरतोच. परंतु गांधीलमाशीचा खर्च कोणाच्याच वहीत नसतो. तो माझ्या वहीत कसा आला ते सांगतो, नांदुऱ्याच्या व्यापारी बांधवांना उपयोगी पडेल.

काही वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आधीची गोष्ट. पावसाळाभर बंद असलेले मागचे गोदाम उघडायला आमचा एक हमाल गेला. शटर वर ढकलताच वरच्या पेटीतून गांधीलमाश्या तुटून पडल्या. मानेला आणि कानाला चार-पाच ठिकाणी डसल्या. कोणी म्हणाले चुना लावा, कोणी म्हणाले लोखंड घासा. एवढ्यात त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेता येईना. ऑटोत घालून दवाखान्यात नेले. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मिळाले म्हणून माणूस हाती लागला. चुन्याची डबी शोधत बसलो असतो तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. ज्याला एकदा असा त्रास झाला त्याला पुढच्या डंखाचा धोका अधिक, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले.

खरी चूक दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती माझीच. रागाच्या भरात बांबूला चिंधी बांधली, रॉकेलमध्ये बुडवली आणि पेटवून शटरच्या पेटीला लावली. जळते घर खाली पडले ते थेट मालावर. दोन गाठी गेल्या. पाण्याची टाकी जवळ होती म्हणून गोदाम वाचले. जाणकार माणसाला बोलावले असते तर त्याची मजुरी एका गाठीच्या किमतीपुढे काहीच नव्हती.

त्यानंतर चौकशी केली तेव्हा कळले की आपण डसणाऱ्या सगळ्याच माश्यांना एका मापाने मोजतो. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, ती पुन्हा पुन्हा डसते. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती एकदाच डसते, नांगी कातडीत राहते आणि माशी मरते. ही नांगी नखाने ताबडतोब खरवडून काढावी, चिमटा शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तोपर्यंत विष आत जातच असते. शिवाय डंखाच्या जागेवरून एक वास सुटतो आणि तो बाकीच्या माश्यांना बोलावतो. म्हणून एक डसली की तोंड झाकून धूम ठोकावी आणि बंद खोलीत शिरावे. अनेक डंख झाले असतील तर त्रास वाटत नसला तरी दवाखान्यात जावे. विषाचा परिणाम मूत्रपिंडावर उशिराने दिसतो.

तिसरी कुंभारमाशी. ती मातीचे घर बांधते, सहसा कोणाला डसत नाही. पण पांढऱ्या लठ्ठ्याच्या थानावर तिने घर केले तर डाग निघता निघत नाही, हा आमच्या लाईनचा अनुभव!

गांधीलमाशीचे घर सुरुवातीला एकटी मादी बांधते. तेव्हा ते मुठीएवढेही नसते. त्याच वेळी झाडूने काढले तर काम फुकटात होते. घर मोठे झाले असेल तर फवारणी करणाऱ्या माणसाकडून, तीही रात्री, सगळ्या माश्या घरात असताना करून घ्यावी. बॅटरीवर लाल कागद लावावा. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, पांढऱ्या उजेडावर त्या चाल करून येतात.

आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. त्यावर औषध मारू नये. अजिंठ्याला आणि शिवनेरीवर पर्यटकांवर मधमाश्यांच्या हल्ल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे लोक घाबरतात, ते चूक नाही. पण ही माशी मुक्कामाला आलेली असते. फुले संपली की आपणहून निघून जाते. तोवर दगड, धूर आणि पोरे दूर ठेवावीत. आपल्या जिल्ह्यात कांद्याचे बी पिकते. त्या फुलांवर माशी आली नाही तर बी नीट धरत नाही, हे बीवाले शेतकरी सांगतील. काढणे भागच असेल तर पोळे जाळणाऱ्या फिरत्या माणसाला बोलावू नये. मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग ठेवण्याची रीत शिकलेले लोक विदर्भात आहेत. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून मधमाशीवरच काम करीत आहे. माश्या गेल्यावर मेणाचा डाग मात्र खरवडून धुवावा, नाहीतर पुढच्या साली त्याच जागी मोहोळ बसण्याची शक्यता असते.

आमच्या शटरच्या पेटीला आता बारीक जाळी आहे. गोदाम महिन्यातून एकदा, माल असो वा नसो, उघडले जाते आणि उघडणारा आधी काठीने शटर वाजवून दूर उभा राहतो. तो हमाल आजही आमच्याकडेच आहे, पण त्या शटरला हात मी लावतो.