अफूच्या पेटीतले आपले भागीदार

गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. त्यांच्या सर्वधर्म प्रार्थनेत राम आणि रहीम यांच्या जोडीला ताओचंही नाव आहे, त्यामुळे इथे आलेल्या मंडळींच्या गप्पा कधी ना कधी चीनकडे वळतात. आणि वळल्या की ते ठरलेलं वाक्य येतंच: ‘इंग्रजांनी चीनला अफू पाजली. आपण काय, आपण तर स्वतःच गुलाम!’ हे मी पेणच्या एसटी स्टँडवर ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे आणि इतिहासाच्या पदवीधराच्या तोंडूनही ऐकलं आहे. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागाने मात्र माझं डोकं उठतं.

अफू दोन वाटांनी जायची. एक कलकत्त्याची. बंगाल-बिहारची अफू ही १७७३ पासून ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी. शेतकऱ्याला उचल द्यायची, माल ठरल्या भावाने घ्यायचा, कलकत्त्यात लिलाव करायचा. पुढे चीनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवायचं काम खाजगी व्यापाऱ्यांचं. म्हणजे कंपनी कागदोपत्री सोवळी. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते.

दुसरी वाट मुंबईची, आणि तिच्याबद्दल आपण मूग गिळून बसतो. ही अफू माळव्याची: उज्जैन, मंदसोर, इंदूरचा टापू. राज्य कुणाचं? शिंदे आणि होळकरांचं. पीक त्यांच्या रयतेचं, महसूल त्यांच्या खजिन्यात, पैसा तिथल्या सावकारांचा. कंपनीने ही अफू अडवायचा जंग जंग प्रयत्न केला, कारण तिच्यामुळे बंगालच्या मालाचा भाव पडत होता. मुंबई बंदर बंद केलं, संस्थानिकांशी करार केले, स्वतः खरेदी करून पाहिली. माल पाली, जैसलमेरकडून वाळवंट ओलांडून कराचीला आणि तिथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला जात राहिला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि ‘पास घ्या, पैसे भरा, मुंबईतून खुशाल न्या’ असं धोरण घेतलं. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची पळवाट बुजली आणि पासाची फी वाढवत नेऊन १८४७ पर्यंत पेटीमागे ४०० रुपयांवर आणली. पेटी साधारण साठ-पासष्ट किलोची. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अमर फारूकी यांची दोन पुस्तकं वाचावीत, ‘स्मगलिंग ॲज सबव्हर्जन’ आणि ‘ओपियम सिटी’. कंपनीच्या मक्तेदारीला देशी भांडवलाने तस्करीच्या वाटेने सुरुंग लावला, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे कंपनीला शह दिल्याचा अभिमान हवा असेल तर तो इथे आहे. फक्त त्याला वास अफूचा येतो.

एवढं सांगितलं की लगेच उत्तर तयार असतं: ‘ते पारशी हो, ते वेगळे.’ बरं, पारशीच घेऊ. जमशेटजी जिजीभाई (१७८३-१८५९) हे चीनच्या व्यापारातलं मुंबईचं सर्वांत मोठं नाव. कँटनच्या जार्डिन मॅथेसन कंपनीशी त्यांचं सख्य. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडलं तेव्हा त्याच जहाजावर डॉक्टर असलेल्या विल्यम जार्डिनशी त्यांची गाठ पडली होती. पण जमशेटजींचे भागीदार कोण होते? मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याचं जैन देऊळ बांधणारे मोतीशा शेठ. मोहम्मद अली रोगे, कोकणी मुसलमान. आणि रोजेरियो द फारिया, गोव्याकडचे ख्रिस्ती. पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती एका धंद्यात, आणि माल शिंदे-होळकरांच्या मुलखातला. सर्वधर्मसमभावाचं इतकं चोख उदाहरण पाठ्यपुस्तकात का नाही, हा प्रश्न मी विचारत नाही.

या पैशातून पुण्यकर्मही झालं. मोतीशा आणि जमशेटजी यांनी १८३४ मध्ये मुंबईत पांजरापोळ उभी केली. जे. जे. रुग्णालय, माहीमचा रस्ता, कलाशाळा यांमागे जमशेटजींच्या घराण्याचा पैसा आहे. सगळा अफूचाच नव्हे, कापूसही चीनला प्रचंड जाई. पण रुग्णालयाचा पाया सांगताना कापूस तेवढा आठवायचा आणि अफू गाळायची, हा हिशेब खोटा आहे. दोष वाटून घेतला म्हणजे इंग्रजांचा कमी होतो असंही नाही. तोफा त्यांच्या होत्या, आणि अफूचं युद्ध त्यांनीच केलं.

आता चीनच्या बाजूचं. ‘तिथलं सरकार झोपलं होतं’ हेही ऐकू येतं. अफू ओढण्यासाठी विकायला बंदी १७२९ ची आहे. १८३९ मध्ये सम्राटाचा खास अधिकारी लिन त्सश्यू कँटनला आला आणि त्याने २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या. त्या जाळल्या असं सर्रास छापतात, चूक. हुमेन इथे खंदक खणून त्यात पाणी, मीठ आणि कळीचा चुना घालून अफू विरघळवली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडली. तीन आठवडे हे काम चाललं. सुरुवात करण्याआधी लिनने समुद्रदेवतेची पूजा करून क्षमा मागितली आणि जलचरांना काही काळ दूर जाण्याची विनंती केली. चिनी राज्यकारभार म्हणजे देवाधर्माशी संबंध नसलेली कोरडी कारकुनी, असं समजणाऱ्यांनी हा अधिकारी लक्षात ठेवावा. हिवाळी अयनाला खुद्द सम्राट आकाशाला बळी अर्पण करत असे, आणि ते सरकारी काम होतं.

पाद्री मात्र अफूविरुद्ध होते ना? बरेचसे होते. पण कार्ल ग्युट्सलाफ हा जर्मन मिशनरी १८३२ मध्ये जार्डिनच्या ‘सिल्फ’ जहाजावर दुभाष्या म्हणून गेला. जहाजातून अफू उतरे आणि हा धर्मपुस्तिका वाटे.

किरकोळ गैरसमज एका दमात. ते युद्ध संपवणाऱ्या नानकिंगच्या तहाने (१८४२) अफू कायदेशीर झाली नाही. त्या तहात जप्त अफूची भरपाई आहे, व्यापाराची परवानगी नाही, ती १८५८ मध्ये मिळाली. हाँगकाँगचं बेट ९९ वर्षांच्या भाड्याने दिलं नव्हतं, कायमचं दिलं होतं. भाडेपट्टा १८९८ चा आणि तो उत्तरेकडच्या भूभागाचा. अफू चीनला इंग्रजांनीच दाखवली हेही नाही, औषध म्हणून ती तिथे तांग काळापासून माहीत होती. आणि चीनमधली सगळी अफू शेवटपर्यंत हिंदुस्थानातूनच जात होती, हेही खोटं: एकोणिसावं शतक सरेपर्यंत सेच्वान आणि युनानमध्ये इतकी अफू पिकू लागली होती की आयात मालाला तिने केव्हाच मागे टाकलं होतं.