माणसांची मोजणी आणि उद्यांचा हिशेब

घरांतील मुलगा किंवा मुलगी पदवीच्या उंबरठ्यावर आली कीं ‘आतां पुढें काय?’ या प्रश्नास चारपांच ठराविक उत्तरें ऐकूं येतात. संख्याशास्त्र अथवा अर्थशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यास लोकसंख्याशास्त्राची वाट आपल्या मुंबईंतच मोकळी आहे, हें पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक नसतें. १९५६ सालीं दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या साहाय्यानें येथें एक शिक्षण व संशोधन केंद्र निघालें. तेंच आज देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. १९८५ पासून त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. माणसें मोजावयास विद्यापीठ कशाला हवें, असें विचारणारे गृहस्थ मला भेटले आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीं.

मोजणें हेंच मुळीं वाटतें तितकें सोपें नाहीं. मुंजीच्या आमंत्रणांची एक यादी यजमानांनीं केली व दुसरी, ती न पाहतां, गृहिणीनें केली असें समजा. पहिलींत ८० नांवें, दुसरींत ७५ आणि दोहोंत सामायिक ६०. म्हणजे गृहिणी २० नांवें विसरली, यजमान १५ विसरले. पण दोघेही विसरले अशीं नांवें किती? वीस गुणिलें पंधरा, भागिलें साठ: पांच. मात्र एकाच्या विसरण्याचा दुसऱ्याच्या विसरण्याशीं संबंध नसावा, ही अट आहे. आणि रुसलेल्या आप्तांच्या बाबतींत ती बहुधा मोडते! १९४९ सालीं चंद्रशेखरन् व अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनीं याच तत्त्वावर, सरकारी दप्तर आणि घरोघरची विचारपूस या दोन याद्या ताडून, नोंदींतून सुटलेले जन्ममृत्यु अजमावण्याची रीत मांडली. आपल्याकडे पुण्याच्या गोखले संस्थेंतून वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनीं पुणें जिल्ह्याच्या जननमरणाची पाहणी करून १९५३ सालीं ती प्रसिद्ध केली. घरोघर हिंडून माहिती गोळा करण्याचें हें काम किती चिकाटीचें असतें, तें अशा पाहण्यांवरून कळतें.

आतां भाकिताकडे वळूं. मागील दोन खानेसुमारींचे आंकडे घ्यावे, त्यांतून एक रेघ ओढावी आणि ती पुढें वाढवावी, असा सामान्य माणसाचा समज असतो. त्या समजाची परीक्षा आपल्या मुंबई बेटानेंच दोनदां घेतली आहे. १८६४ मध्यें बेटाची वस्ती ८,१६,५६२ भरली. अमेरिकेंतील यादवीमुळें येथील कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि १८७२ च्या गणनेंत ६,४४,४०५ माणसें उरलीं. पुन्हां वाढ होऊन १८९१ सालीं आंकडा ८,२१,७६४ झाला. १८९६ मध्यें मांडवींत प्लेग निघाला, आणि १९०१ सालीं तो ७,७६,००६ वर आला. रेघ ओढणारा दोन्ही वेळां फसला असता, कारण रेघेला भाव कळत नाहीं आणि रोगही कळत नाहीं.

म्हणून विद्यापीठांत रेघ न शिकवितां वय शिकवितात. लोकांचे पांच पांच वर्षांचे गट पाडावयाचे. प्रत्येक गटांतील किती जण पुढील पांच वर्षें तरतील हें मृत्युप्रमाणावरून काढावयाचें. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना वयागणिक किती अपत्यें होतील तें धरावयाचें. शेवटीं आलेले मिळवून गेलेले वजा करावयाचे. भारत सरकारच्या तज्ज्ञ गटानें या रीतीनें २०११ च्या १२१ कोटींवरून २०३६ सालीं सुमारें १५२ कोटी लोक होतील असें मांडलें. दर स्त्रीमागें सरासरी अपत्यें २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणींत भारतांत २.० व महाराष्ट्रांत १.७ भरलीं, म्हणजे पिढीची जागा पिढीनें भरून काढण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षां कमी. मग वाढ कां? तर आई होण्याच्या वयाच्या मुलींचीच संख्या आज मोठी आहे म्हणून.

या हिशेबाचे सगळे भाग सारखे भरंवशाचे नसतात. २०३६ सालीं साठी ओलांडलेला प्रत्येक जण २०११ मध्यें पस्तिशीच्या पुढें होताच. त्यामुळें वृद्धांचें प्रमाण ८.४ टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांपर्यंत जाईल, हा अंदाज बराच पक्का. अजून न जन्मलेल्या बाळांचा अंदाज त्याहून कच्चा. आणि सर्वांत कच्चा स्थलांतराचा.

त्याचें प्रमाण माहीमकरांच्या डोळ्यांसमोर आहे. माहीमची खाडी ही बेटाची उत्तर सीमा. तीवरील पूल १८४५ सालीं खुला झाला तेव्हां पलीकडे खेडीं होतीं. २००१ मध्यें बेटावर ३३,३८,०३१ लोक होते. २०११ मध्यें ३०,८५,४११. जन्म मृत्यूंहून अधिक असतांही दहा वर्षांत अडीच लाखांची घट! त्याच काळांत उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांवर गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या, जागांचे भाव चढले, आणि दोन खोल्यांत दुसरी सून मावेना. आमच्याच आळींतील किती तरी मुलगे लग्नानंतर बोरिवली, विरार, डोंबिवलीस गेले. म्हातारीं माणसें मात्र येथेंच राहिलीं. शाळा कोठें काढावी, दवाखान्यांत प्रसूतीच्या खाटा अधिक ठेवाव्या कीं वार्धक्याच्या रोगांच्या, हें ठरविणारास या एका ‘वजा’ खात्याची चूक फार महागांत पडते. तें खातें देवनारांत बसून भरतां येत नाहीं. बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून विचारावें लागतें.

आणि विचारून तर फार वर्षें लोटलीं. २०२१ ची जनगणना झालीच नाहीं. पुढच्या गणनेसाठीं १ मार्च २०२७ हा दिवस नेमला गेला. मधल्या सोळा वर्षांचे सारे अंदाज २०११ च्याच पायावर उभे आहेत. त्या वर्षींच्या पत्रकांत प्रत्येकासाठीं एक साधा प्रश्न होता: यापूर्वीं आपण कोठें राहत होतां, आणि तेथून कां निघालां?